चार वाजताचा पेपर

रद्दीचे एक बरे असते. महिना संपला की ती उचलून नेणारा माणूस आपणहून दारात येतो. वर्तमानपत्राच्या कचेरीत जमणारे किस्से उचलून नेणारे मात्र कोणी नाही. ते साचत राहतात, आणि एखाद्या दिवशी कोणी सहज विचारते, “बाई, निवृत्तीनंतर वेळ कसा जातो तुमचा?” की सगळा गठ्ठा एकदम अंगावर कोसळतो.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपासून हाकेच्या अंतरावर, बांगड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर ‘मोर्णाकाठ’ या सायंदैनिकाची कचेरी आहे. अंक चार पानांचा. तो दुपारी चार वाजता निघतो, म्हणून जुन्या शहरात त्याला नावाने कोणी ओळखत नाही; तो ‘चार वाजताचा पेपर’. त्याचा संपादक प्रमोद तायडे हा माझा विद्यार्थी. मी निवृत्त झाले त्याच वर्षी तो घरी आला आणि म्हणाला, “बाई, दुपारी थोडा वेळ येत जा. चुका काढायला तुमच्यासारखं माणूस अकोल्यात नाही.” हे कौतुक होते की शाळेची आठवण, ते मी विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून जाऊ लागले.

कचेरीचा सगळा पसारा एवढाच : संपादक प्रमोद, शहरभर स्कूटरवर फिरणारा एकुलता एक वार्ताहर रफिक, संगणकावर पाने लावणारी सुनीता इंगळे, आणि लाल पेन घेऊन खिडकीशी बसणारी मी.

यंदा दिवाळी आटोपली आणि श्रीकांत पाठक आमच्याकडे आले. मुंबईहून निघणाऱ्या एका मोठ्या दैनिकाच्या अमरावती कचेरीचे ते प्रमुख. मूळचे जुन्या शहरातलेच. वडील पौरोहित्य करीत, आणि वृद्ध आई अजूनही आमच्या कचेरीपासून दोन गल्ल्या पलीकडे राहत असे. पण मुंबईत इतकी वर्षे काढल्यावर त्यांच्या बोलण्यातला वऱ्हाडी सूर पार धुऊन निघाला होता. त्यांनी स्वच्छ, घडीच्या मराठीत प्रस्ताव मांडला. ‘मोर्णाकाठ’ हे नाव त्यांच्या दैनिकाकडे सोपवायचे, प्रमोदने त्यांचा अकोल्याचा प्रमुख व्हायचे, आणि महिनाअखेरीच्या अंकानंतर चार वाजताचा पेपर बंद करायचा. रफिक आणि सुनीता यांच्यासाठी तिकडे जागा नव्हती.

“प्रमोदजी, संध्याकाळच्या पेपरांचे दिवस संपले,” पाठक म्हणाले. “माणसे आता मोबाइलवर वाचतात.”

प्रमोदची मुलगी अमरावतीला वैद्यकीय प्रवेशाच्या क्लासमध्ये शिकते. त्याने होकार दिला नाही, नकारही दिला नाही; महिनाअखेरपर्यंतचा अवधी मागून घेतला. पाठक गेल्यावर रफिक म्हणाला, “भाऊ, तुमी जा. पोरीचं पाहा. आमचं काय, आमी कुठंबी बातम्या हुडकू.” सुनीता संगणकाकडे वळली. सरळ असलेला एक मथळा ती पुन्हा पुन्हा सरळ करीत राहिली.

त्या महिन्यात माझ्या मनात एकच प्रश्न घोळत होता : ही चार पाने गेली, तर नेमके काय जाईल? पुढचे किस्से त्या प्रश्नाच्या ओघात आठवले आहेत. त्यांचा क्रम माझ्या शिस्तीत बसत नाही, पण किस्से वर्गात रांगेने बसत नाहीत.

*

अकोल्यात नळाला पाणी रोज येत नाही, हे बाहेरच्यांना सांगावे लागते. अकोलेकरांना ते तहानेइतके ठाऊक आहे. आमच्या पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात ‘आज नळ’ नावाची चौकट असते. कोणत्या भागात पाणी सुटणार, ते तिथे छापलेले असते. रफिक सकाळी पाणी सोडणाऱ्या माणसांना प्रत्यक्ष भेटतो, त्यांच्याबरोबर चहा पितो आणि मगच चौकट लिहितो. कचेऱ्यांच्या पत्रकांवर त्याचा विश्वास नाही.

चौकटीवर लोकांची श्रद्धा अशी, की पाणी आले नाही तर बाया फोन आमच्याकडे करतात. एकीने तर सुनीताला सुनावले, “तुमी छापलं म्हणून मी भांडे घासून ठेवले. आता आनून द्या.”

एकदा असाच फोन मी उचलला. पलीकडचा आवाज शिष्ट आणि दबका होता. आपण याच शहरात नव्याने बदली होऊन आलो आहोत, असे त्या गृहस्थांनी सांगितले. मग त्यांचे खाते कोणते, हेही सांगितले. ते पाणीपुरवठ्याचे अधिकारी निघाले. मी खुर्चीत सावरून बसले आणि विचारले, की आमच्या चौकटीत काही चुकले का?

“नाही, नाही, बाई,” ते म्हणाले. “मी अधिकारी म्हणून नाही विचारत. माझ्या घरी आज नळ आहे का?”

*

चौकात चहाच्या टपरीशेजारी लाकडी फलक आहे. चार वाजले की त्यावर आमचा अंक खळीने चिकटवला जातो. दोन्ही बाजूंची पाने दिसावीत म्हणून दोन प्रती लागतात. चिकटवायचे काम सुनीता घरी जाता जाता करते. फलकाभोवती जमणाऱ्यांत बहुतेक निवृत्त मंडळी. एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे चहा पीत ऐकतात, आणि वाचणाऱ्याचा चहा वर्गणीतून येतो. ही रीत कोणी घालून दिली ते कोणास ठाऊक नाही. मोडण्याची छाती मात्र कोणाची नाही.

एके दिवशी सुनीताने घाईत दोन्ही प्रती एकाच बाजूने चिकटवल्या. म्हणजे पान एक आणि चार दोनदा, आणि पान दोन व तीन फळीकडे तोंड करून. त्या दिवशी पहिल्या पानावर बातमी होती, की नदीपलीकडच्या एका गवळ्याची म्हैस चोरीला गेली. पोलीस गेले, माग काढला, चोरटे एका पडक्या गोठ्यात दिसले, आणि पोलिसांनी दार लोटताच... उर्वरित मजकूर पान तीनवर.

मी खिडकीशी आवरत होते. जिन्यावर एकाच वेळी बऱ्याच काठ्यांचा आवाज आला. पाच-सहा वृद्ध धापा टाकत वर आले. पुढचे एक आजोबा दारातच थांबून म्हणाले, “बाई, म्हैस सापडली का नाही, तेवढं सांगा. खाली चहा थंडा होऊन राहिला.”

मी सांगितले, सापडली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण सगळे ज्या समाधानाने जिना उतरले, ते समाधान मी शाळेच्या निकालाच्या दिवशीही क्वचितच पाहिले आहे.

*

निकालावरून आठवले. दहावीच्या निकालाला मोठ्या दैनिकांत मुंबई-पुण्याच्या गुणवंतांचे फोटो येतात. आमच्याकडे जुन्या शहरातले जे कोणी फोटो आणून देईल, त्या सगळ्यांचे येतात. गुणांची अट नाही. माझ्यासारख्या शिक्षिकेला हे प्रारंभी मुळीच रुचले नव्हते.

एक हमाली करणारे गृहस्थ पेढ्यांचा पुडा आणि मुलाचा फोटो घेऊन आले. मुलाने हा गड तिसऱ्या प्रयत्नात सर केला होता. प्रमोदने सवयीने विचारले, की टक्के किती?

“टक्के नका इचारू, साहेब,” ते म्हणाले. “आमी सुटलो, एवढंच छापा.”

प्रमोदने माझ्याकडे पाहिले. मी लाल पेन खाली ठेवले. तसेच छापले.

*

गेल्या उन्हाळ्यात पाठकांच्याच दैनिकाचा एक छायाचित्रकार मुंबईहून आला. देशातल्या सर्वांत तप्त शहरांत अकोल्याचे नाव झळकत होते, आणि त्याला उन्हाचा फोटो हवा होता. वाट दाखवायला त्याने रफिकला बरोबर घेतले. रफिकने डोक्याला दुपट्टा गुंडाळला, पाहुण्यालाही एक दिला, आणि भर दुपारी त्याला बाजारपेठेच्या मधोमध नेऊन उभे केले.

पाहुणा बराच वेळ कॅमेरा घेऊन गोल फिरत राहिला. दुकाने बंद, रस्ता रिकामा, एक कुत्रेसुद्धा नाही. शेवटी वैतागून म्हणाला, “अहो, इथे माणूसच नाही. मी फोटो कशाचा काढू?”

रफिक म्हणाला, “हाच फोटो हाये.”

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या दैनिकाच्या पहिल्या पानावर तो रिकामा रस्ता पाच कॉलम रुंदीत छापून आला. खाली पाहुण्याचे नाव होते. मला राग आला आणि मी तो रफिकला बोलून दाखवला. तो हसला. “बाई, रस्ता तर आपलाच हाये ना.”

*

परतवाड्याहून अकोल्याला येणाऱ्या एका मुलीची पिशवी शेअर जीपमध्ये राहिली. पिशवीत तिच्या सगळ्या मूळ गुणपत्रिका होत्या आणि त्याच आठवड्यात तिची नोकरीची मुलाखत होती. ती रडत कचेरीत आली. मोठ्या दैनिकात हरवल्याची जाहिरात देता येते, पण ती सकाळी, आणि रीतसर. प्रमोदने त्याच दिवशीच्या अंकात बातमी घेतली, तीही ‘आज नळ’च्या खाली, कारण ती चौकट न वाचता जुन्या शहरात कोणी झोपत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ पिशवी घेऊन हजर! इस्त्रीचा सदरा, चेहऱ्यावर घाम. मुलगी त्यांच्या पाया पडली. ते संकोचून मागे सरले. प्रमोद म्हणाला, की अशा माणसाचे नाव छापलेच पाहिजे, फोटोही घेऊ.

गृहस्थ घाबरले. “सापडली, असं छापा. कोणाले सापडली, ते नका छापू.”

प्रमोदने कारण विचारले. त्यांनी जिन्याकडे नजर टाकून खालच्या आवाजात सांगितले, “त्या दिवशी हापिसच्या लेखी मी बिमार होतो.”

बातमी ‘एका सज्जन नागरिकाने’ अशी गेली. अंक निघाला तेव्हा ते सज्जन नागरिक फलकासमोर उभे राहून बातमी स्वतः मोठ्याने वाचून दाखवत होते, असे सुनीता सांगते.

*

महिना उतरणीला लागला, तसे कचेरीत शब्द कमी होऊ लागले. करारनामा छापून आला होता आणि प्रमोदच्या टेबलावर पेपरवेटखाली पडून होता. स्वाक्षरीसाठी पाठक शेवटच्या आठवड्यात येणार होते. प्रमोदने मला एकदाच विचारले, “बाई, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?” मी म्हणाले, “तुझ्या मुलीचे शिक्षण थांबू नये, एवढेच मला स्पष्ट दिसते.” त्याने मान हलवली. त्याला बहुधा दुसरे उत्तर हवे होते. पण खोटे उत्तर मी वर्गातही कधी दिले नाही.

त्याच दिवसांत मानकर वकिलांचे प्रकरण घडले. मानकर वकील म्हणजे जुन्या शहरातले जाणते गृहस्थ. वय झालेले, पण आवाज अजून न्यायालयातला. ते दोन दिवस रुग्णालयात होते, एवढ्यावरून कोणीतरी मोबाइलवर त्यांना भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. ती सगळ्या गटांत फिरली. आमच्याकडेही आली. सुनीताचे डोळे भरले, पण प्रमोदने एक ओळही लावू दिली नाही. “घरून कोणी सांगितल्याशिवाय निधनवार्ता जात नाही,” हा त्याचा नियम. त्याने रफिकला वकिलांच्या घरी पाठवले.

रफिक पोहोचला तेव्हा दारात माणसांची गर्दी होती. काहींच्या हातांत हार होते. आणि ओसरीवर, आरामखुर्चीत, मानकर वकील बशीने चहा पीत होते. हारवाल्यांपैकी एकाने धीर करून मोबाइल पुढे धरला आणि सांगितले, की इथे तर सगळ्यांनी असे लिहिले आहे.

वकिलांनी चष्मा लावून स्वतःची श्रद्धांजली शेवटपर्यंत वाचली. मग मोबाइल परत दिला.

“चार वाजताच्या पेपरात आलं का?”

“नाही.”

“मंग मी हावो. बसा, चहा घ्या.”

*

स्वाक्षरीचा दिवस उजाडला. पाठक दुपारी तीनला येणार होते. ते बाराच्या आधीच आले. हातात बॅग नव्हती, केस विस्कटलेले होते. खोलीत न येता ते जिन्याच्या वरच्या पायरीवरच उभे राहिले.

“आई गेली,” ते म्हणाले. “सकाळी.”

आम्ही सगळे उठून उभे राहिलो. प्रमोद त्यांना आत बोलावू लागला, तर त्यांनी हाताने नको म्हटले. सुतक होते. प्रमोद म्हणाला, “साहेब, आमच्या बौद्धांच्या घरी हे काही नसतं. आत येऊन बसा.” ते आले. त्याच टेबलापाशी बसले.

बहीण नागपूरहून निघाली होती, तिच्यासाठी थांबायचे होते. अंत्ययात्रा पाच वाजता निघणार होती. ते थोडे थोडे करून सांगत होते. आईच्या ओळखीचे कोण, कुठे राहते, हे आपल्याला माहीतच नाही. आपण इतकी वर्षे बाहेर. कोणाचे नंबर नाहीत. दोन-चार नातेवाइकांना मोबाइलवर कळवले, तर एकाने उलट विचारले, की हे खरे आहे ना. मानकर वकिलांसारखे तर नाही?

मग त्यांनी खिशातून आईचा लहानसा फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. करारनाम्यावरच ठेवला गेला. जागा तेवढीच होती.

“आमचा अंक उद्या सकाळी निघेल,” ते म्हणाले. “तुमच्यात आज येईल ना?”

सुनीताने पहिले पान पुन्हा उघडले. निधनवार्ता एरवी चौथ्या पानावर जाते. ही पहिल्या पानावर, ‘आज नळ’च्या शेजारी लागली. मजकूर मी लिहिला आणि पाठकांना वाचून दाखवला. त्यांनी एकही शब्द बदलला नाही. गठ्ठे वाटायला त्या दिवशी रफिकबरोबर प्रमोद स्वतः गेला. चारच्या आधी अंक फलकावर होता.

पाच वाजता मी पाठकांच्या गल्लीत पोहोचले, तर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. फलकावर वाचणारी मंडळी होती, भाजीवाल्या होत्या, बांगड्यांचे दुकान बंद करून आमचे घरमालक आले होते. मानकर वकील काठी टेकत उभे होते. एक बाई दुसरीला सांगत होती, की या माउलीने माझ्या तिन्ही पोरांना पाटीवर अक्षरे गिरवायला शिकवली होती. पाठक अंगणात उभे राहून पाहत होते. नदीच्या दिशेने निघालेली ती रांग मागे वळून पाहिली, तर तिचा शेवट दिसत नव्हता. मी आयुष्यभर मोठ्या शब्दांवर लाल रेघ मारत आले आहे, पण त्या दिवशी मला जे वाटले त्याला विस्मयाखेरीज दुसरा शब्द मला सापडत नाही.

पाठकांनी मला हळूच विचारले, “बाई, हे सगळे आईला ओळखत होते?”

“त्यातले बहुतेक,” मी म्हणाले. “उरलेल्यांनी वाचले.”

तीन दिवसांनी ते पुन्हा कचेरीत आले. डोक्याचे केस काढलेले, अंगावर साधा सदरा. या वेळी न बोलावता आत येऊन बसले. करारनामा टेबलावर होता तिथेच होता. प्रमोदने तो पेपरवेटखालून काढून त्यांच्यासमोर सरकवला आणि पेन शोधू लागला. पाठकांनी कागदाकडे पाहिले नाही. ते सुनीताला म्हणाले, “तेरवीची बातमी द्यायची आहे. तेरवी दुपारी आहे, म्हणून आदल्या दिवशीच्या अंकात पाहिजे. चार वाजताच्या.”

रफिकने दाराशी टेकलेली पाठ सरळ केली. प्रमोदने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले, मग पाठकांकडे, आणि शब्द जपून म्हणाला, “साहेब, तेरावा दिवस पुढच्या महिन्यात येतो. आदला दिवसही.”

“मले माहीत हाये,” पाठक म्हणाले.